अझहरच्या वहीतले कोरियन लोक

आमच्या वरच्या खोलीतला अझहर मालिका पाहायला बसला की आधी वही उघडतो आणि तीन रंगांची पेनं काढतो. चांगली माणसं निळ्या शाईत, वाईट लाल, आणि ज्यांचं अजून सांगता येत नाही ती हिरव्या. कोण कुणाचा मावसभाऊ ते बाणांनी जोडतो. "काका, कन्सेप्ट क्लिअर पायजे," म्हणतो. कोरियातल्या इतक्या घरांची वंशावळ पाठ असलेला माणूस अख्ख्या लातुरात दुसरा नसेल.

भूकंपानंतर वरचा मजला कधीच बांधणार नाही, असं मी बायकोला शपथेवर सांगितलं होतं. पुढे गल्लीत क्लासेस आले, मुलं खोल्या विचारत दारात उभी राहू लागली आणि मी शपथ गुपचूप मोडली. त्या मजल्यावर कंधारचा अझहर राहतो. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दोनदा हुकली, ही तिसरी खेप.

रविवारी सकाळी क्लासची चाचणी देऊन आला की दुपारपासून त्याची बैठक. आठ भाग संपल्याशिवाय उठत नाही. मालिका सोळा भागांची, म्हणून त्याला तो अर्धा सिलॅबस म्हणतो. लेक्चरचे व्हिडिओ दीडपट वेगानं पाहायची सवय, म्हणून मालिकाही तशीच. नायिका रडायला लागली तरी तिला बस गाठायची असावी असं वाटतं. एकदा मी चुरमुऱ्यांचा सुशीला करून वर नेला. चमचा तोंडापर्यंत गेला आणि भाग संपेपर्यंत तिथंच थांबला.

मी तापट माणूस. गेल्या रविवारी जिन्यातूनच सुरुवात केली, "अरे, तुझे अब्बा तिकडं गावाकडं शिलाई मशीनवर मान मोडून घ्यायलेत, अन् तू हे बघायलास?"

त्यानं मालिका थांबवली. रागावला नाही.

"काका, आमच्या पयल्या बॅचचा ग्रुप हाय. समदे डॉक्टरकीला लागले. आधी मला मार्कच इचारायचे. मंग मी मालिकांचं सांगाया लागलो. तवापासून मार्क इचारत न्हाईत, कोणती बघू तेवढंच इचारतात. म्या पाह्यलंच न्हाई तर बोलू काय त्यांच्याशी?"

पुरावा म्हणून त्यानं फोन पुढे केला. ग्रुपवर एकाखाली एक पाच मेसेज होते, पाचही त्याचेच. सगळ्यांनी वाचले होते. उत्तर एकाचंही नव्हतं.

"परीक्षा चालू असतील त्यांच्या," तो म्हणाला.

आपण जिन्यातून काय काय ओरडत आलो याची लाज वाटली. चपला काढून मी त्याच्या खाटेवर बसलो.

"पयल्यापासून लाव. मलाबी बघू दे."

त्याचा सातवा भाग संपत आला होता. त्यानं पहिला भाग काढला, स्वतःची उशी माझ्या पाठीला लावली.

"पुढचं कायबी सांगणार न्हाई हां, काका," असं म्हणाला, आणि दहा मिनिटांत सातही भाग सांगून टाकले.