चौकटीसकट माप

आमच्या शेजारच्या नानांकडे पहिल्यांदाच जाणार असाल तर हातात जड सामान नेऊ नका. नाना तुम्हाला 'या' म्हणतील, पण 'बसा' म्हणणार नाहीत. आधी पायरीवर उभं करून दाराची चौकट दाखवतील. फणसाच्या लाकडाची, त्यांच्या आजोबांनी स्वतः कोरलेली. वेलबुट्टी कुठून सुरू होते, मोराची मान कुठे वळते, सगळं बोट ठेवून दाखवतात. मग तुम्हाला सांधा शोधायला लावतात. तुम्हाला सापडला नाही की नाना खूश, आणि सापडलाच तर चहा जरा उशिरा येतो.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना ज्या सुपारीच्या वाड्या लागतात, तिथल्या एका आळीत आमची घरं. मी शाळेत मास्तर होतो, नाना वाडी बघतात. मधे नुसतं कुंपण, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं, आणि ऐकू येत नाही ते नाना स्वतः येऊन सांगतात. "चौकट म्हणजे घराचा चेहरा, मास्तर," हे तर मी झोपेतही म्हणून दाखवीन. त्या चौकटीला खिळा मारायचा नाही. दसऱ्याचं तोरणसुद्धा वर वाशाला बांधायचं. दर रविवारी तिला खोबरेल लागतं, नानांच्या डोक्याला लागतंच असं नाही. दार जुन्या पद्धतीचं, अरुंद आणि ठेंगणं. जावई पहिल्या दिवाळसणाला आला आणि त्याचं कपाळ आपटलं, तेव्हा नाना धावत आले, आधी चौकटीवरून हात फिरवला आणि मग जावयाच्या कपाळावरून. जावई अजून हे सगळ्यांना सांगतो, आणि नाना शेजारी बसून अभिमानाने ऐकतात.

असा हा माणूस गेल्या थंडीत अलिबागला गेला आणि सोफा घेऊन आला.

मला म्हणाले, पाहुणेरावळे येतात, त्यांना सतरंजीवर किती दिवस बसवायचं? पाहुणे बिचारे चौकट बघूनच दमतात, हे मी मनातल्या मनात म्हटलं. टेम्पो आळीत शिरला, सोफा अंगणात उतरला. चांगला उंच, भरभक्कम हातांचा, ऐसपैस. दारापाशी नेला तर अडकला. उभा केला, अडकला. तिरका केला, खालचे पाय काढले, तरी हटून बसला. मागचं दार त्याहून अरुंद आणि खिडक्यांना गज. आमच्या आळीत सल्ला द्यायला माणसं बोलवावी लागत नाहीत. कौलं काढा आणि वरून सोडा, असं एकाने सुचवलं, आणि दुसरा माडावर चढायचा दोर आणायला निघालासुद्धा. टेम्पोवाला वैतागून म्हणाला, दुकानात दाराचं माप विचारलं होतं की. नाना ताठ झाले. माप त्यांनी स्वतः घेतलं होतं, ते चुकेल कसं?

मी म्हटलं, नाना, कसं घेतलंत तेवढं दाखवा. नानांनी टेप आणली. डावीकडची वेलबुट्टी जिथे भिंतीला भिडते तिथे एक टोक धरलं आणि टेप थेट उजवीकडची वेलबुट्टी संपते तिथपर्यंत नेली. दोन्ही बाजूंच्या जाडजूड चौकटीसकट माप. मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं की माणसं काय आणि सोफे काय, चौकटीच्या आतून जातात.

"चौकट सोडून माप कसं घेणार, मास्तर?" नाना म्हणाले. "चौकट म्हणजेच दार."

आळी पोट धरून हसली. मी तर जास्तच. टेम्पोवाल्याने तोड काढली, हा परत नेतो, बुटका आणि बारका देतो, सरळ आत जाईल. नाना म्हणाले, बुटका नको. का नको, ते सांगेनात. शेवटी मी चिडलो. म्हटलं, पाहुण्यांना काय उंच नि काय बुटका, उगाच कसला हट्ट? तेव्हा टेम्पोवाल्याने मला बाजूला घेतलं. "म्हातारा जरा वेगळाच हाय," तो म्हणाला. "दुकानात एकेका सोफ्यावर बसायचा आणि डावा पाय अधांतरी धरून उठून बघायचा. पडता पडता वाचला."

माझं हसणं आणि चिडणं तिथेच थांबलं. डावा पाय अधू तो काकूंचा, नानांच्या मंडळींचा. पावसाळ्यात विहिरीपाशी घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या पायावर जोर येईना. तेव्हापासून त्या माजघरात खाटेवर. खाट बुटकी, उठायचं म्हटलं की नाना लागत. एके काळी आळीतल्या बायका वालाच्या शेंगा सोलायला काकूंच्याच ओटीवर जमायच्या, इतकं त्यांचं बोलणं गोड. आता कोणी आलं की काकू डोक्यावर चादर ओढून घेत. दुसऱ्याने आपल्याला उचलावं याची त्यांना फार लाज वाटे. आणि नाना आम्हाला पाहुण्यांच्या गोष्टी सांगत होते.

नाना पायरीवर बसून चौकटीकडे बघत होते. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, जाऊ दे परत. मला इथे काही कमी नाहीये."

नाना उठले आणि पलीकडच्या दत्तू सुताराला हाक मारली. दत्तूने वर टेकू लावला, पटाशी ठेवली आणि एकेक घाव घालून तो नानांच्या तोंडाकडे बघायला लागला. या चौकटीला साधा खिळा मारला म्हणून त्याने लहानपणी नानांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"जपून नको, दत्तू," नाना म्हणाले. "लवकर काढ. ती वाट बघतेय."

चौकट निघाली. निघताना एक मोर मानेपाशी चिरला. नानांनी तो पाहिला आणि सोफ्याचं एक टोक धरलं. घाईत असलेला टेम्पोवालाही थांबला होता. सोफा उचलला आणि उघड्या भिंतीतून अलगद आत गेला, कुठे घासलासुद्धा नाही. "बघा," नाना म्हणाले, "माप बरोबरच होतं."

सोफ्याचे पाय परत बसवले आणि मुलीसारखं धरून नानांनी काकूंना दाराच्या आतल्या ओटीवर आणलं आणि बसवलं. काकूंनी गादीवरून हात फिरवला, बाहेरचं अंगण बघितलं, आम्हाला सगळ्यांना बघितलं. चादर माजघरातच राहिली होती. मग त्यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला आणि उजव्या पायावर जोर दिला. नाना धावले. काकूंनी मानेनेच नको म्हटलं. आणि उठल्या. थरथरत, पण आपल्या आपण.

नाना बाहेर आले, मातीने माखलेले. मला सांगितलं, आपली आपण उठली. मी समोरच उभा होतो, तरी सांगितलं. टेम्पोवाल्याला सांगितलं, दत्तूला सांगितलं. अशा माणसाच्या शेजारी राहतो याचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला. रस्त्याने पाटी घेऊन कोळीण चालली होती, तिलाही नानांनी थांबवलं.

"कोन उठली, नाना?" तिने विचारलं.

नानांच्या तोंडी आजवर काकू म्हणजे 'आमच्या घरात', नाहीतर फार तर 'ही'. त्या दिवशी ते भर रस्त्यात, सगळ्या आळीला आणि ओटीवरच्या काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी बायको."