गावंडेकाकांचं हेल्मेट

आमचे शेजारी गावंडेकाका हेल्मेट घालून चिकन करतात. स्कूटरवर मात्र उघड्या डोक्यानं अख्खी अमरावती फिरतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "स्कूटर मले ओळखते राजा. फोडणीचा काय भरोसा?" मग काच खाली ओढून त्यांनी कढईत मिरची टाकली आणि आजूबाजूच्या घरांतून ठसके ऐकू येऊ लागले.

हा कारभार चालतो मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, पऱ्हाटीच्या जाळावर. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. काका ती नांदगाव खंडेश्वरच्या शेतातून गाडीभर आणतात. घरात ग्रॅनाइटचा ओटा आहे, गॅस आहे, चिमणीसुद्धा आहे. पण त्या ओट्याला कोंबडीचा वास माहीत नाही. कमलकाकूंनी कौंडण्यपूरच्या यात्रेत तुळशीची माळ घातली, तेव्हापासून घरात कायदाच होता. "काय करायचं ते भायेर करा. माह्या ओट्याले लागलं नाई पायजे."

काकू स्वतः खात नसत. पण बाहेर रस्सा उकळायला लागला की स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायचा, "मीठ टाकलं काऽ?" टाकलेलं नसायचंच. काकांना मसाल्यातलं सगळं आठवतं, मीठ तेवढं विसरतात. "टाकतो ना वं, टाकतो!" असं खेकसून ते मिठाला हात घालायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून काकांकडे जेवायला जाताना मी खिशात मिठाची पुडी ठेवतो.

काकांच्या मते जगात जेवण दोनच प्रकारचं. एक तर्रीवालं आणि दुसरं पेशंटचं. रश्शावर लाल तेलाचा तवंग दिसला नाही की त्यांना यजमानाची कीव येते. पोह्यांवर तर्री घेणारे आमच्याकडे खूप आहेत. काका उपमासुद्धा सोडत नाहीत.

अशा माणसाची नात पुण्यात वाढली. सई चौथीत आहे. गेल्या दिवाळीत तिनं आबांच्या रश्शाचा एक घास घेतला आणि मग कितीतरी वेळ साखर खात रडत बसली. यंदा येण्याआधी तिनं फोनवरच सांगितलं, "आबा, तुमचं चिकन नको. आपण बाहेरून लेमन बटर चिकन मागवू. इटालियन असतं ते."

काका तडक माझ्याकडे आले. "नात माह्या घरी येऊन भायेरचं खाईन? मंग मी कशाले हावो?" चेहरा एवढासा झाला होता. तिला आपल्या हातचं खाऊ घालायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. चिकनचे काप चपटे करायचे, पीठ लावून लोण्यात परतायचे, लिंबू पिळायचं आणि शेवटी आणखी लोणी. पीठ म्हटल्यावर काकांनी बेसन घेतलं, त्यात ओवाही चोळला. माझ्यापुढे आली ती सरळसरळ भजी. केपर्स नावाच्या आंबट कळ्या लागतात, त्यांच्या जागी अंबाडीची बोंडं आली. खरं सांगतो, ती झकास लागली. पुढच्या खेपेला मैदा आणला, पण लोणी कढईत पडल्या पडल्या काळं झालं. पऱ्हाटी एकदम भडकते. मंद जळणं तिला ठाऊक नाही. "अमरावतीची इटली हाये, जरा कडकच रायते," म्हणत काकांनी वरून तर्री सोडली. मी ते खाल्लं. शेजारधर्म म्हणून माणूस काय काय खातो!

"काका, लोण्याला मंद आच लागते. आत गॅसवर करा ना."

काकांनी हेल्मेट काढलं. "आत नाई."

"अहो, आता काकू थोड्याच..."

"तेच त सांगून रायलो. ती असती त भांडून घेतलं असतं. आता कोनाशी भांडू? जिंदगीभर तिच्या ओट्यावर नाई केलं, अन् आता तिच्या माघारी चोरावानी करू?"

मला फार वाईट वाटलं. तोंडात करपलेलं लोणी होतं ते वेगळंच.

सई आली त्या रविवारी मी मागच्या अंगणात गेलो, तर कडुनिंबाखाली गॅसची शेगडी. शेजारी सिलिंडर. काकांनी सकाळीच दोन्ही फरफटत बाहेर आणलं होतं. "ओटा तिचा," ते धापा टाकत म्हणाले, "शेगडी माही." वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून माझ्या हातात पत्रा देण्यात आला. काकांनी हेल्मेट चढवलं. सईला आत स्वयंपाकघरात ताटं काढायला पाठवलं, आणि मोबाइलवरची कृती तिथूनच मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितली.

काप छान सोनेरी झाले. लिंबू पिळलं, लोणी विरघळलं, अंबाडी पडली. काकांचा हात सवयीनं तर्रीच्या वाटीकडे गेला आणि मोठ्या कष्टानं परत आला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आबा, मीठ टाकलं काऽ?"

पोरीनं मोबाइलवर पुढचं वाचलं होतं, दुसरं काही नाही.

काकांच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग ते त्या दाराकडे बघून खेकसले, "टाकतो ना वं, टाकतो!" शेवटचा शब्द नीट फुटलाच नाही. लिंबू-लोणी काही उडत नव्हतं, तरी त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली. मी पत्रा खाली ठेवला आणि आच कमी केली.

मीठ अंमळ जास्तच पडलं. माझ्या खिशातली पुडी खिशातच राहिली. पण सई ताट घेऊन पुन्हा आली आणि म्हणाली, "आबा, अजून."

तिला वाढतानाही काकांनी काच वर केली नाही.