वकीलआत्यांची पाहणी

आमच्या देवासच्या गल्लीत लग्नपत्रिका वाटायला निघालेली माणसं वकीलआत्यांचं घर अगदी शेवटी ठेवतात. कारण आत्या पत्रिका लाल पेन्सिलीने तपासून परत करतात. शेजारच्यांच्या पत्रिकेत 'उपस्थिती प्रार्थनीय'खाली रेघ ओढून त्यांनी लिहिलं होतं, "न आल्यास परिणाम काय? स्पष्ट करावे."

शकुंतलाआत्या मुंबईत तीस वर्षं कंपन्यांच्या वकील होत्या. मोठी कंपनी धाकटीला गिळायला निघाली की घास केवढा घ्यायचा, हे आत्या लिहून देत. मी असल्या लोकांविरुद्ध पत्रकं काढते. निवृत्तीनंतर त्या देवासला परतल्या आणि धारच्या आपल्या जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा मी तोंडावर विचारलं, "आता पापं धुताय का?"

"कोणती? यादी दे. मोघम आरोपाला मी उत्तर देत नसते."



गेल्या उन्हाळ्यात त्या कॉलेजचं मुलींचं वसतिगृह पाडायचं ठरलं. बदनावरचे एक सोयाबीनचे व्यापारी, आत्यांचेच वर्गमित्र, त्या जागी संघामार्फत स्वतःच्या नावाचं सभागृह बांधून देणार होते. तिरला, सरदारपूरकडच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींनी जायचं कुठे? मी पत्रक लिहिलं: 'शेठजींच्या नावासाठी मुलींच्या छपराचा बळी!' आत्यांनी ते वाचलं, सात उद्गारचिन्हं खोडली आणि म्हणाल्या, "आता वाचण्याजोगं झालं. पण वाटू नकोस. आधी पाहणी, मग सही."

करार करण्यापूर्वी वस्तू स्वतः जाऊन बघायची, हा त्यांच्या धंद्यातला नियम. मला वाटलं, इंजिनियर येऊन भिंती ठोकून जातील. आत्यांनी शेठजींनाच वसतिगृहाच्या पंगतीत बसवलं. जमिनीवर, मुलींच्या मधोमध. मी घोषणा तयार ठेवल्या होत्या. आत्यांनी माझ्या हातात वरणाचं भांडं दिलं.

"अरे भिया, ये क्या नाटक है?" शेठजी माळवी ठसक्यात म्हणाले.

"नाटक नहीं, कलम तीन है: पहले देखना, फिर साइन. खाइए."

शेठजींनी शेजारच्या सरदारपूरच्या मुलीला विचारलं, "हॉल बनेगा तो अच्छा लगेगा ना, बेटा?"

"अच्छा तो लगेगा," ती म्हणाली. "पर देखूँगी कैसे? होस्टल टूटा तो पापा घर बुला लेंगे. रिश्ता देख रखा है."

शेठजींचा घास हातातच राहिला. माझ्या आजवरच्या सगळ्या पत्रकांनी मिळून एकही माणूस असा गप्प केला नव्हता. भांडं धरून मी आत्यांकडे बघतच राहिले.

ते हात धुवून आले, तेव्हा आत्यांनी पिशवीतून नवा करार काढला. सभागृह रद्द, वसतिगृहाची दुरुस्ती. सकाळीच टाइप करून, पिन मारून ठेवलेला! शेठजी लगेच सही करायला निघाले.

"पहले पढ़िए," आत्या खेकसल्या. "बिना पढ़े साइन करनेवाले का दान हम नहीं लेते."

बिचाऱ्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचला. मग सही झाली.

शेठजी गेल्यावर मुलींनी आत्यांना घेरलं. "दादीजी, आपका कमरा कौनसा था?"

"मेरा नहीं था."

त्यांच्या वेळी मुलींचं वसतिगृहच नव्हतं. तीन वर्षं त्या धारमध्ये लांबच्या नातेवाइकांकडे राहिल्या. घरच्यांची जेवणं आटोपली की स्वयंपाकघरात एकट्या जेवायच्या. "जे उरे ते ताटात असे," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आणखी हवं का, हे कोणी विचारत नसे. आणि मागायचं कलम नव्हतं." त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की पंगत चालवण्याच्या नादात त्या स्वतः जेवल्याच नव्हत्या. सरदारपूरच्या मुलीने त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं, ताट मांडलं आणि समोर मांडी घातली. पहिली पोळी संपत आली, तशी तिने न विचारताच दुसरी वाढली.

"और लो, दादीजी. शरमाओ मत."

आत्यांनी हरकत घेतली नाही. मान खाली घालून जेवत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने, अगदी हळू आवाजात, स्वतःहून तिसरी मागितली.