सासऱ्यांची अळंबी

दातांच्या डॉक्टरांनी काढलेला फोटो पडद्यावर आला, की फोटो क्लबातली मंडळी सावरून बसत. फोटोसाठी नव्हे, त्यावर त्यांचे सासरे काय बोलतात ते ऐकण्यासाठी. सासरे म्हणजे निवृत्त चित्रकलाशिक्षक आणि क्लबाचे कायमचे परीक्षक. सगळे त्यांना भिंगसर म्हणत. इतरांचं कौतुक करताना सरांना शब्द पुरत नसत. जावयाची पाळी आली, की मात्र हातचं राखून बोलत, आणि राखलेलं कधी बाहेर काढत नसत.

त्या संध्याकाळी जंगलातल्या सहलीचे फोटो होते. अगदी जवळून टिपलेल्या अळंब्या आणि किडे. त्यांतूनच वार्षिक प्रदर्शनाची निवड व्हायची होती, आणि डॉक्टरांचा एकही फोटो आजवर तिथे लागला नव्हता.

"वा!" बँकेतल्या बाईंच्या फोटोवर सर म्हणाले. "अळंबीच्या पापुद्र्यांतून उजेड कसा गाळून आलाय बघा! बाई, यासाठी तुम्ही चिखलात आडव्या झाला असणार."

"नव्या कपड्यांसकट, सर."

"सार्थक झालं कपड्यांचं!"

पोस्टातल्या गृहस्थांच्या नाकतोड्याला तर सरांनी उभं राहून दाद दिली. "मिशीवर दवाचा थेंब, आणि त्या थेंबात अख्खं झाड! जिंकलंत!"

मग डॉक्टरांची मुंगी आली.

"स्पष्ट आहे," सर म्हणाले. "पण फोटो काढलेला तिला आवडलेला दिसत नाही."

"तिला विचारलं नव्हतं, बाबा."

"तेच तर."

डॉक्टरांचा कॅमेरा एकच होता. तीच लेन्स, तिच्याभोवती तोच गोल फ्लॅश. सुट्टीच्या दिवशी जंगलात आणि एरवी दवाखान्यात पेशंटच्या दातांसाठी. फोटो निवडताना घाईघाईत एक जास्तीचा आला होता. पडद्यावर काहीतरी खोलगट उमटलं. पिवळसर, झिजलेल्या कडा, मधोमध काळंभोर विवर, तळाशी चकाकणारा थेंब आणि भोवती गुलाबी मखमल.

डॉक्टरांनी लगेच ओळखलं. ती अळंबी नव्हती. ती भिंगसरांची किडलेली दाढ होती, दुसऱ्या दिवशी सकाळी उपटायची ठरलेली.

सर उठून पडद्याजवळ गेले. "जावईबापू, हे तुम्ही टिपलंत?"

"हो, पण ते चुकून..."

"चांगल्या गोष्टी चुकूनच होतात! हा पोत बघा मंडळी. किती उन्हाळे-पावसाळे पचवलेत या कडांनी! आणि आतला हा काळोख! रंग भरून असा काळोख येत नाही हो. मी जन्मभर प्रयत्न केलाय."

शेजारी बसलेल्या बायकोने तो फोटो घरी पाहिला होता. ती डॉक्टरांच्या कानाशी कुजबुजली, "अहो, ही बाबांची दाढ आहे ना? सांगा की!"

"अगं, लग्नानंतर पहिल्यांदा कौतुक करताहेत. जरा ऐकू दे."

ते ऐकणं महागात पडलं. सरांनी तो फोटो तिथल्या तिथे प्रदर्शनासाठी निवडून टाकला. टाळ्या थांबल्यावर पोस्टातल्या गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर, ही अळंबी सापडली कुठे?"

"जवळच. जरा अंधारी, ओलसर जागा आहे."

"विषारी आहे का हो?" बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"फार दिवस ठेवली तर त्रास होतो."

"मग उद्या सकाळीच जाऊ! सगळे!" सर म्हणाले.

"बाबा, उद्या तुमची दाढ काढायचीय."

"दाढ गेली खड्ड्यात! अळंबी कोमेजून जाईल!"

"नाही कोमेजणार. खात्री देतो."

सर कोणाचं ऐकतात! सकाळी ते जंगलातले बूट घालून, स्टँड खांद्यावर टाकून दवाखान्यात हजर. बाहेर गाडीत बाकीची मंडळी हॉर्न वाजवत होती.

"चला, जावईबापू!"

"आधी खुर्चीत बसा, बाबा. इथूनच दिसते ती." डॉक्टरांनी त्यांच्या हातात आरसा दिला. "आऽ करा."

सरांनी आरसा जवळ नेला, लांब नेला, तिरका धरला. डॉक्टर घामाघूम झाले. प्रदर्शन गेलं, कौतुक गेलं, आता सासुरवाडीही बहुतेक गेलीच.

"कॅमेरा आणा," सर म्हणाले.

"बाबा, माझं चुकलं, मी सगळ्यांना..."

"आणा म्हणतो ना! उपटायच्या आधी आणखी एक घेऊ. काल डावी कड कापली गेली होती. चारचौघांत बोललो नाही."

मग सर तोंड वासून बसले. एका हाताने गाल ओढून धरला, दुसऱ्याने दिव्याकडे, खिडकीकडे खुणा चालू. "आऽ! आआऽ!" डॉक्टर दिवा इकडचा तिकडे करत राहिले. अखेर फोटो निघाला, आणि त्यामागोमाग दाढही.

बधिर गाल सांभाळत सरांनी दोन्ही फोटो कितीतरी वेळ पाहिले.

"कालचाच लावा," ते म्हणाले. "हा मी सांगून काढलेला. तो तुमच्या नजरेचा आहे. फार सुंदर आहे."

"पण बाबा, लोकांना ती अळंबी वाटतेय."

"मग खाली खरं काय ते लिहा. ठळक अक्षरांत." सर खुर्चीतून उठत म्हणाले. "माझी इतकी देखणी दाढ अळंबीच्या नावावर जायला नको."