अधिकृत कळलं नाय

कुणी तक्रार घेऊन आलं की आमचा गुलाबराव चष्मा काढून खिशात ठेवतो. चष्मा खिशात, म्हणजे ऑफिस बंद. मग समोर अख्खं गाव उभं करा नाहीतर बिबट्या.

बिबट्याचं खरंच झालं. घोडेगावच्या अलीकडं आमच्या गावची दूध डेअरी. गुलाबराव तिथला मॅनेजर, मी गेटावर पहारेकरी. उसातून बिबट्या निघाला आणि भर सकाळी डेअरीच्या ओट्यावर येऊन बसला. बाया किटल्या टाकून पळाल्या. गुलाबराव मागच्या दारानं शिरून खुर्चीत! "साहेब, बिबट्या!" म्हटलं, तर म्हणतो, "मला अधिकृत कळलं नाय, तात्या." एकदा टाकीतलं दूध नासलं, घाण पार एसटी स्टँडपर्यंत गेली. तर म्हणे, "वास काय अधिकृत असतो व्हय?" बीकॉम झालाय. एवढं शिकून शिकला काय, तर माहीत नसणं. मी दुसरीतून शाळा सोडली, पण डोकं तरी उघडं ठेवलं.

डोळ्यांचं म्हणाल, तर सध्या जरा धुरकट आहे. नडत नाही. कुठला टेम्पो कुणाचा, मला आवाजावर कळतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गेट गेलं तर घरी सुनेच्या कोंबड्या राखत बसायचं, आणि ते मला जमणार नाही.

परवा नव्या चेअरमनबाई गेटापाशी थांबल्या. माझ्यादेखत विचारलं, "गुलाबराव, तात्यांना नीट दिसतं का? नसंल दिसत तर दुसरा माणूस बघा."

मी टोपी सारखी करून ताठ उभा राहिलो.

"मला तसं अधिकृत काय कळलं नाय, ताई."

"अवो, रोज बघता ना त्यांना?"

"बघतो की. पण कुणी कळवल्याबिगर मला कसं कळंल?"

बाई पाय आपटत गेल्या.

कुणाचा उपकार ठेवून घेणारा मी नव्हे. मला दिसतं, हे या माणसाला कळलंच पाहिजे. म्हटलं, "साहेब, पांढरा शर्ट लई शोभतोय राव आज."

तो म्हणाला, "कालच घेतला, तात्या. बायको म्हणली, पांढराच घ्या."

तो आत गेला तशी समोरची चहावाली सखू खिदळायला लागली. "आवं तात्या, शर्ट तर काळा व्हता!"

असल्या खोटारड्याला मॅनेजर केलं कुणी?