मडोळाप्पांचा शरणु

मुरुम गावातल्या आमच्या गल्लीत मडोळाप्पांच्या मागोमाग आडावर जायला बायका कचरत. मडोळाप्पा घागर वर घेत, आडात वाकून "शरणु" म्हणत आणि कान देऊन उभे राहत. नुसते उभे राहिले असते तरी ठीक होतं. थोड्या वेळानं ते मान डोलावून "बरं, बरं" म्हणत. आडानं काय सांगितलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या लिंगायत रिवाजात भेटल्यावर एकानं "शरणु" म्हणायचं, दुसऱ्यानं "शरणु शरणार्थी" म्हणून ते परत करायचं. माणसांपुरतं हे छानच. पण आमचे हे किराणा दुकानदार तराजूला, उंबऱ्याला, पायातल्या वहाणांनाही शरणु म्हणत. जे कामी आलं त्याचे आभार मानायचे, आणि तराजूचं उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकं ताटकळत.

"मास्तर, तुमी भाकरीला कदी शरणु म्हटलाव का?" त्यांनी मला एकदा विचारलं. मी परंड्याहून बदलून आलेला, एकटा, पोटाचा कायमचा रोगी. "म्हणून तर बघा. पोट दुखायचं न्हाय."

दार लावून म्हणून पाहिलं. लाज वाटली, पण पोट खरंच निवळलं. झोपही लागू लागली. मडोळाप्पा तर साठीतही टुणटुणीत होते.

मग निजामाच्या रझाकारांची दहशत वाढली. अर्धी गल्ली घरांना कुलपं लावून सोलापूरकडं निघून गेली. भर दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. त्या सुनसान गल्लीत मडोळाप्पा एकेका कुलूपबंद दाराशी थांबत, शरणु म्हणत, कान लावत.

"पाटलाच्या घरात समदं खुशाल हाय," ते मला सांगत. माझ्या अंगावर काटा येई, कारण आता मीही कान देऊ लागलो होतो.

अशाच एका दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. चुलीला, तव्याला, शेंगाचटणीला शरणु झालं. सगळीकडून उत्तरं आली असावीत, गडी खुशीत होता. मग समोर मांडलेल्या रिकाम्या पाटाकडं बघून ते "शरणु" म्हणाले आणि थांबले. भाकरी गार झाली. मान काही डोलेना.

"कोण आहे तिथं?" मी विचारलं.

"आमची कारभारीण, नीलव्वा. जाऊन लई वर्सं झाली. जलमभर तिच्या हातचं खाल्लो, पर एकडाव शरणु म्हटलो न्हाय. आता समदं बोलतंय मास्तर, ती तेवढी बोलत न्हाय."

"मग जेवता कसं?"

"ढकलतो चार घास. आज म्हटलं, पाव्हणा हाय, त्याच्यापुढं तरी बोलंल."

म्हातारा मान खाली घालून बसला. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "शरणु शरणार्थी."

मडोळाप्पांनी झटकन वर पाहिलं. माझ्याकडं नाही, पाटाकडं. मान डोलली, डोळे भरले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"बरं झालं मास्तर, तुमीबी तिच्यासंगट म्हटलाव," ते म्हणाले. "तिचा आवाज लई बारीक. एकटीचा मला ऐकू आला नसता."

मी हसणार होतो. पण माझं म्हणून संपल्यावरही बाईच्या आवाजातलं "शरणार्थी" मला ऐकू आलं होतं. मी गुमान गार भाकरी पुढं ओढली.