अनंतरावांच्या कारंज्याची क्षमता

लातूरच्या एका वसाहतीत राहणाऱ्या अनंतरावांनी निवृत्तीनंतर अंगणात कारंजे उभारले. तांब्याच्या नळीला त्यांनी स्वतः वेटोळे दिले, सांध्यांना डाख दिला आणि खालच्या बादलीत कूलरचा जुना पंप सोडला. बादलीतले पंधरा लिटर पाणी नळीतून वर चढे आणि पुन्हा बादलीत पडे. तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

टंचाई निवारण उपकक्षाला मात्र वाटले. स्थानिक जलस्रोतांच्या पाहणीसाठी कनिष्ठ अभियंता मन्मथ आला. तो अनंतरावांचाच विद्यार्थी. त्याने धारेखाली माप धरले आणि घड्याळ पाहिले.

"मिनिटाला दहा लिटर, सर. म्हणजे दिवसाला चौदा हजार चारशे."

"अरे, पाणी तेच आहे. फिरून फिरून येतंय."

"प्रवाह गुणिले वेळ. तुम्हीच तर शिकवलंत."

"बादलीत वाकून बघ की."

"फॉर्मात बादलीचा रकाना न्हाई, सर."

आठवडाभरात आदेश निघाला. छत्तीस घरांना प्रत्येकी चारशे लिटर पाणी जागेवरच उपलब्ध असल्याने वसाहतीचा मंगळवारचा टँकर रद्द करण्यात येत होता.

बुधवारी शेजारच्या उमाबाई दोन घागरी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या.

"सर, आमच्या वाटणीचं चारशे लिटर द्या."

"उमाबाई, ही बघा, एवढीच बादली आहे."

"ती दिसून राहिली. पण आदेशावर शिक्का हाय."

घरातून पत्नी प्रेमलाबाईंचा आवाज आला, "अहो, काढा ते खेळणं. चार दिवसांचं धुणं पडलंय."

अनंतरावांनी कारंजे उतरवले आणि टँकरसाठी अर्ज केला. मन्मथने पुन्हा मोजमाप घेतले. उत्तर शून्य आले.

"मग आता टँकर सुरू होईल ना?"

"टंचाई सिद्ध झाली, सर. पण ती मानवनिर्मित. टँकर नैसर्गिक टंचाईलाच मिळतो. तुम्ही कारंजं परत बसवा, उन्हाळ्यात आपोआप आटू द्या. मग मी प्रस्ताव पाठवतो."

कारंजे पुन्हा बसले आणि त्याची नवा जलस्रोत म्हणून नोंद झाली. जुनी नोंद रद्द करण्याची तरतूद नव्हती. टँकरविना राहिलेल्या त्या वसाहतीत आता दिवसाला अठ्ठावीस हजार आठशे लिटर पाणी आहे.

शहराची पाणीस्थिती सुधारल्याची बातमी पहिल्या पानावर झळकली. पाऊस नसताना पाणी वाढले कुठून, हे विचारणारा एकही फोन संपादकांना गेला नाही. बातमी आपणही वाचली, हायसे वाटून घेतले, आणि दात घासताना नळ उघडाच ठेवला.